सिग्नलवर काटा वर, पुलावर खाली: हेड उघडायच्या आधी पंखा पाहा

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला कारण त्यात एक ओळ लय कामाची आहे आणि ती तुम्ही सहज लिहून पुढे निघून गेले. आधी मला जे समजलं ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर. नागपुरात चिंचभवनहून सदरला रोजचं जाणं-येणं. एप्रिल लागल्यापासून एसी चालू असला की टेम्परेचरचा काटा चढते, दोनदा लाल लाइटही लागून गेला. बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, महिनाभरात बोटभर कमी होते. एका गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलं म्हणून ३२ हजार सांगितले, दुसरा म्हणाला वॉल, म्हणजे पाण्याची वाट उघड-बंद करणारा थर्मोस्टॅट, काढून टाका सगळं ठीक होते. आणि तुम्ही विचारता की दोघांपैकी कोणाचं ऐकू.

सध्या कोणाचंच नका ऐकू. कामाची ओळ म्हणजे ही: "डबलडेकर पुलावर काटा अर्ध्यावर येऊन बसते, अजनी चौकात उतरलं की राहाटे कॉलनीपर्यंत परत पाऊणच्या वर." आता मी २६ वर्षं गॅरेज चालवतो, त्यातली निम्मी वर्षं उन्हाळ्यात हेच काम असते, आणि माझ्याकडे कोणी गाडी गरम होते म्हणून आला की मी बोनेट उघडायच्या आधी विचारतो, कधी होते? उभी असताना की पळताना? लोकांना वाटते हा टाइमपास करून राहिला. पण अर्धं निदान तिथंच होते.

कसं ते पाहा. इंजिनातली गरमी पाणी घेऊन येते, वॉटर पंप ते पाणी फिरवते, रेडिएटरमध्ये हवा लागून ते थंड होते आणि परत आत जाते. एवढंच आहे. गाडी चाळीस-पन्नासने पळत असली की समोरून हवा फुकटात येते, पंखा बंद असला तरी भागते. गाडी उभी राहिली की हवा फक्त पंखा देईल तेवढीच. म्हणून जी गाडी पुलावर थंड होते आणि सिग्नलवर तापते तिचं पाणी बहुतेक बरोबर फिरून राहिलं आहे, अडचण हवेची आहे. उलट रेडिएटर आतून चोंदला असेल, वॉटर पंपाची पाती खाल्ली गेली असतील किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, तर ते जोर लागल्यावर दिसते. असा माणूस मला फोन करतो तो समृद्धीवरून, की १२० ने चाललो होतो, तासाभरात काटा वर गेला, ८० वर आणला तर उतरला. तुमचं बरोबर याच्या उलट आहे. गॅस्केटचंही तसंच, त्यातून गॅस निसटते ती इंजिनावर जोर आल्यावर जास्त निसटते, त्याला सिग्नलशी काही घेणंदेणं नाही.

मी गाडी पाहिली नाही, म्हणून १०० टक्के म्हणत नाही. दोन आजार एकत्र असू शकतात. आणि दोनदा लाल लाइट लागला म्हणता, तेव्हा तुम्ही किती वेळ तसेच चालवत राहिले ते लिहिलं नाही. ॲल्युमिनियमचं हेड आहे, जास्त तापलं तर वाकते, म्हणजे पंख्याच्या दोषातून गॅस्केटचा दोष तयार होऊ शकते. पण तपासायचं ते स्वस्तापासून महागाकडे, ३२ हजारापासून खाली नाही.

आता तुम्ही म्हणाल की पंखा खराब आहे तर जानेवारीत काहून नाही तापली? तेव्हाही सिग्नल तेच होते. तर साधा हिशोब आहे. रेडिएटरमधलं पाणी धरा ९५ डिग्री. डिसेंबरच्या दुपारी बाहेर २८ असते, म्हणजे फरक ६७ चा. मे महिन्यात बाहेर ४५, फरक उरला ५०. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोरच बसवलेला असते, तो आपली गरमी आधी त्या हवेत टाकते, मग ती तापलेली हवा रेडिएटरला मिळते. वरून राहाटे कॉलनी चौकात दुपारी डांबराची धग आणि बाजूच्या बसचा धूर. अर्धमेला पंखा हिवाळाभर निभावून नेते आणि एप्रिलमध्ये उघडा पडते. आपल्या घरच्या कूलरसारखंच आहे हे. मोटर मंद झाली, ताट्या मातीने चोंदल्या तरी मार्चमध्ये वाटते की चांगला चालतो आहे, मेमध्ये रात्री दोन वाजता उठून बसावं लागते.

तर पंखा कसा पाहायचा. सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडा, गाडी सुरू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर लागला की थोड्या वेळात पंखा सुरू होते. मग एसी बंद करा आणि गाडी नुसती आयडलवर १५-२० मिनिटं राहू द्या, नजर काट्यावर ठेवा, अर्ध्याच्या जरा वर जायच्या आत किंवा तिथं पोचताच पंखा सुरू झाला पाहिजे, थोडा चालून बंद, परत सुरू. हात, ओढणी, गमछा तिथून दूर ठेवा, काही गाड्यांमध्ये गाडी बंद केल्यावरही पंखा एकदम सुरू होते. पंखा लागलाच नाही आणि काटा चढतच राहिला तर लाल रेषेची वाट पाहत बसू नका, बंद करा.

लागलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट देणारा स्विच), मग मोटरला सरळ बॅटरीवरून करंट देऊन पाहायचं. सरळ करंटवरही गप्प असेल तर लाकडाच्या दांडीने मोटरच्या पाठीवर हलके टकटक करा. टकटक केल्यावर फिरायला लागला तर कार्बन ब्रश घासून संपले, मोटर गेली समजा. फ्यूज-रिले शे-दोनशेत होते, मोटर गाडीगणिक तीन ते सहा हजार, माझ्याकडे सध्या असा भाव आहे. आणि मोटर चालते, फ्यूज-रिलेही ठीक, तरी गाडीत पंखा लागत नाही, तर वायरिंग नाहीतर टेम्परेचर सेन्सर. गंमत म्हणजे सेन्सर पूर्ण मेला तर पुष्कळ गाड्यांचा कॉम्प्युटर घाबरून पंखा सतत चालू ठेवते, म्हणून सतत घरघरणारा पंखा हाही एक इशारा आहे.

पंखा फिरते पण मंद फिरते ही केस जास्त फसवी. खूप गाड्यांत दोन स्पीड असतात, एक रेझिस्टरमधून कमी आणि एक फुल. रेझिस्टर जळला की कमी स्पीड गायब, फुलचा रिले गेला की फुल गायब. मेकॅनिक पाहते, पंखा फिरून राहिला, ओके, पुढे चल. अरे पण किती फिरून राहिला?

इथं मी कागद लावतो. पेपरचं एक अर्धं पान घ्या, पंखा चालू असताना समोरच्या जाळीला लावा आणि सोडा. चिकटून बसलं पाहिजे. घसरून खाली पडलं तर ओढ कमी आहे.

हा कागद मला एका गाडीने शिकवला. दहाएक वर्षांपूर्वी एक माणूस गाडी घेऊन आला, तुमच्यासारखंच, उभी राहिली की तापते. त्याआधी एका ठिकाणी रेडिएटर नवा टाकला, मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, १८-२० हजार घालून बसलेला. मीही पाहिलं, पंखा मस्त जोरात फिरत होता, आवाजही दमदार. अर्धा दिवस डोकं खाजवलं. संध्याकाळी माझ्याकडचं पोट्टं समोसा खाऊन कागद फेकायला म्हणून गाडीसमोरून चाललं तर त्याच्या हातचा तो तेलकट कागद फडफडत मागे उडाला. जाळीतून हवा बाहेर येत होती! समोरून ठोकल्यामुळे कधीतरी पंख्याचं काम झालं होतं, तेव्हा कोण्या भैताडाने कनेक्टरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या. डीसी मोटर, वायरी उलट्या की फिरणं उलटं. गाडी पळताना समोरच्या हवेपुढे त्याचं काही चालत नव्हतं, उभी राहिली की पंखा इंजिनाची गरम हवाच रेडिएटरमधून समोर ढकलत होता. दोन वायरी बदलल्या, दहा मिनिटं. मी त्याच्याकडून फक्त समोशाचे पैसे घेतले, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून जास्त मागायची हिंमतच झाली नाही. तेव्हापासून कागद लावल्याशिवाय मी पंख्याला पास करत नाही.

पंखा जोरदार आहे, बाजूही बरोबर आहे, तरी कागद चिकटत नाही, तर रस्ता बंद आहे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते, समोरून दिसत नाही, वरून टॉर्च मारून पाहावी लागते. आपल्याकडे मार्च-एप्रिल-मेमध्ये सावरीचा कापूस उडते ना, तो त्या फटीत जाऊन बसते, त्यावर धूळ, त्यावर समृद्धीवरचे किडे, वरून पावसाळ्याचा चिखल वाळलेला, असा थर तयार होते की हाताने ओढला तर जुन्या गादीतल्या कापसासारखा पूर्ण पत्राच निघते. मागच्या महिन्यात एका गाडीतून काढला तो पोट्ट्याने मोजायला म्हणून बाजूला ठेवला, दोन मुठी भरल्या. त्या गाडीला फक्त धुणं लागलं. पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशरगनने समोरून मारू नका, ते पातळ फिन्स झोपून जातात आणि कचरा आणखी आत घुसते. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपाच्या पाण्याने, गाडी थंड असताना. फट अगदीच भरली असेल तर रेडिएटर सैल करून थोडा मागे घ्यावा लागते, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता ते बोटभर कमी होणारं कूलंट. याच्यावरूनच त्या गॅरेजवाल्याने गॅस्केट म्हटलं असेल. पण आधी रेडिएटरचं झाकण पाहा, थंड असताना. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असं काहीतरी लिहिलेलं असते, ते प्रेशर आहे, बारमध्ये. साधं पाणी १०० ला उकळते, पण एवढ्या दाबाखाली ते १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याच्याही पुढे. कुकरच्या शिट्टीचंच तंत्र. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि थोडं थोडं बाहेर जाते. दोन-तीनशेचं झाकण आहे, ८२ हजाराला तसंही बदलून टाका, मात्र तेवढ्याच आकड्याचं. सोबत होजच्या क्लिपाजवळ आणि वॉटर पंपाखाली पांढरे-हिरवट वाळलेले डाग दिसतात का पाहा, कूलंट गळून वाळलं की खूण सोडते.

गॅस्केट खरंच गेलं का हे कळायला हेड उघडावं लागत नाही, आणि ही गोष्ट त्या ३२ हजारवाल्याला माहीत असायला पाहिजे होती. बाटलीच्या किंवा रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी लावतात, त्यात निळं लिक्विड असते, इंजिनाची जळकी गॅस पाण्यात मिसळत असेल तर ते पिवळं पडते. अर्ध्या तासाची टेस्ट, काही शे रुपये. त्याच्या सोबत कूलिंग प्रेशर टेस्ट, पंपाने दाब भरून ठेवायचा आणि पाहायचं उतरते का. घरच्या घरी पाहायचं तर सकाळी थंड गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होते का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येते का. ऑइल कॅपखाली चहावरच्या सायीसारखं काही दिसलं की लोक घाबरतात, पण थंडीत-पावसात गाडी चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या वाफेनेही ते होते. तुमची गाडी रोज चांगली गरम होते, त्यात मेमध्ये अशी साय दिसली आणि डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असलं तर मात्र गाडी जागची हलवू नका.

यातलं एकही नाही आणि तरी कोणी हेड उघडायचं म्हणत असेल तर त्याला विचारा की कोणती टेस्ट केली. "अनुभवाने सांगतो" असं म्हणाला तर नमस्कार करून गाडी काढा. माझ्याजवळही अनुभव आहे, तरी मी लिक्विड लावतो.

दुसऱ्याचं वॉल काढायचं. वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडते. जुन्या टॅक्सी-मेटॅडोरच्या जमान्यात नागपुरात उन्हाळा आला की वॉल काढून फेकायची पद्धतच होती, आमच्या उस्तादानेही शेकड्याने काढले असतील. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नका करू. इंजिन वेळेत गरम झालं नाही की कॉम्प्युटर समजते अजून थंड आहे, पेट्रोल जास्त ओतते, ॲव्हरेज पडते, आणि काही दिवसांनी पिवळा चेक इंजिन लाइट लागते, स्कॅनर लावला तर पी०१२८ कोड. आणि तुमच्या आजारावर ते औषध पण नाही, वॉल काढल्याने पाणी जोरात फिरेल पण हवा तेवढीच राहील ना.

पाण्याचंही सांगून टाकतो, कारण तुम्ही लिहिलं की कमी झालं की बोअरचं टाकतो. ते बंद करा बाप्पा. कूलरच्या टाकीत आणि ताट्यांवर पांढरा चुन्यासारखा थर बसते तो पाहिला ना? तोच थर रेडिएटरच्या आतल्या बारीक नळ्यांत बसते. मग आज हवेचा दोष आहे तो दोन वर्षांनी पाण्याचाही होईल. तयार मिक्स कूलंट घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. आधीचं काय आहे माहीत नसेल तर पूर्ण काढून फ्लश करून नवं भरा, हिरवं-लाल एकत्र करू नका, काही प्रकार एकमेकांत मिसळले की गाळ होते. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं, आत हवेची पोकळी राहिली तरी काटा नाचते.

काट्यावर पण पूर्ण भरवसा ठेवू नका. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम असा बनवलेला असते की साधारण ८० पासून १०० च्या आसपासपर्यंत मध्यावरच बसून राहते, लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून. म्हणजे तो हलला तेव्हा गाडी खरंच तापलेली असते. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, हजाराच्या आत मिळते, मोबाइलवर खरा आकडा दिसते. आठवडाभर लावून चालवा आणि पंखा किती डिग्रीला लागते, किती मिनिटांत खाली आणते ते लिहून ठेवा, कोणत्याही गॅरेजमध्ये तो कागद दाखवला तर तुम्हाला कोणी सहज फिरवणार नाही.

आणि तोवर रस्त्यात काटा चढला तर: एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल, काचा खाली. हो, मेमध्ये हीटर. घाम निघेल पण हीटरसुद्धा एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची गरमी ओढून घेते. काटा उतरला तर हळूहळू घरी आणा. लाल लाइट लागला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन बंद, लगेच, "पुढच्या चौकापर्यंत" नाही. झाकण निदान पाऊण तास उघडायचं नाही. मी हेल्पर असताना ओली बोरी टाकून उघडलं होतं, उस्ताद नको म्हणत असताना, डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अजून डाग आहे. तापल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाते. आणि लाल टेम्परेचरसोबत बॅटरीचा लाइटही लागला तर बेल्ट तुटला समजा, खूप गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवते, मग हीटर-बिटर काही कामाचं नाही, सरळ टोइंग बोलवा.

तर शनिवारी सकाळी या क्रमाने करा: पंखा लागते का, कागद चिकटते का, फटीत टॉर्च, झाकण, मग ते निळं लिक्विड. पहिल्या तिनांत काही सापडलं तरी लिक्विड टेस्ट करून घ्याच, दोनदा लाल लागला आहे म्हणून. टेस्ट पिवळी आली तर मी माझे शब्द मागे घेतो आणि ३२ हजारात काय काय धरलं आहे त्याची यादी इथं टाका. हेड लेथवर पाठवून प्लेन करणं आणि तपासणं त्यात आहे का ते पाहू, ते नसेल तर नुसतं नवं गॅस्केट टाकून सहा महिन्यांत परत तेच होईल.

वहिनींनी विचारलेला निळा लाइट, तो त्यांच्या गाडीत सकाळी दोन-तीन मिनिटं लागून विझते ना? काट्याऐवजी दिलेला आहे तो, इंजिन अजून थंड आहे एवढंच सांगते. विझेपर्यंत रेस जास्त देऊ नका म्हणावं. अर्ध्या तासाने पण विझत नसेल तर मात्र त्या गाडीचा वॉल कोणीतरी आधीच काढून ठेवला असेल किंवा तो उघडा अडकला असेल, तीही घेऊन या.